खाणीतला रेस्ट, दवाखान्यातली रेस्ट



घरात, कामावर आणि कचेरीत रोज कानावर पडणारा एखादा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याची उलटसुलट ओळख करून घ्यायची, हे या सदराचे काम. यावेळचा शब्द आम्ही शोधला नाही. राजुऱ्याकडच्या एका वाचकबंधूंनी तो आमच्यापुढे आणून ठेवला. शब्द अगदी लहान आहे, पण त्यापायी त्यांची नोकरी गेली.

हे बंधू एका मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. सात-आठ महिने एकही खाडा न करता त्यांनी काम केले. एका संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, “कल से तुमको रेस्ट है.” हे खुशीत घरी आले. बायकोला म्हणाले, “मले सायबानं रेस्ट देला.” घरात आनंदीआनंद झाला. इतके दिवस राबणाऱ्या माणसाची कुणीतरी कदर केली, असे सर्वांना वाटले. त्यांनी घराची कवेलू फेरली, दोन दिवस सासुरवाडीला जाऊन आले, पोटभर झोपले. नवव्या दिवशी डबा घेऊन गेटवर गेले, तर गेटपास चालेना. त्यांच्या जागी दुसरा माणूस लागला होता. “रेस्ट बोला था ना?” असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “रेस्ट मतलब ब्रेक. बाद में बुलायेंगे.” ते ‘बाद में’ अजून आलेले नाही.

आम्हाला भेटल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, “भाऊ, रेस्ट म्हणजे आरामच होते ना जी?” त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आजचे सदर आहे.

प्रथम आपल्या घरचे शब्द पाहू. आपल्याकडे या एका इंग्रजी शब्दासाठी किती शब्द आहेत! विश्रांती हा पुस्तकातला शब्द. आराम हा फारसीतून आला आणि घरचा झाला. विसावा हा जुना मराठी शब्द. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बाया त्यालाच ‘इसावा’ म्हणतात. रोवणीच्या बांधीत बाई कंबर सरळ करते तेव्हा ती ‘दम घेते’. दुपारी माणूस ‘पाठ टेकतो’, थकून आलेला ‘अंग टाकतो’, उन्हातून आलेला ‘सुस्तावतो’. अंत्ययात्रेत वाटेवर तिरडी क्षणभर खाली ठेवतात, त्या जागेलाही विसावाच म्हणतात. आणि समता सैनिक दलाच्या कवायतीत ‘सावधान’नंतर ‘विश्राम’ असा हुकूम येतो, तेव्हा पाय मोकळे करायचे असतात, रांग सोडायची नसते. विश्राम म्हणजे रांगेतून बाहेर काढणे नव्हे, एवढे तरी आपल्या पोरांना कवायतीने शिकवले आहे.

आता इंग्रजी शब्द. रेस्ट हा त्या भाषेतला फार जुना शब्द. त्याच्या नात्यातल्या जुन्या युरोपी भाषांत याच शब्दाचा एक अर्थ ‘मैल’ किंवा ‘मजल’ असाही होता. म्हणजे इतके चालल्यावर बसायचे, असे अंतर. आपले पूर्वज ‘दोन विसाव्यांवर गाव आहे’ असे म्हणाले असते तर जसे झाले असते, तसेच हे. त्यामुळे विश्रांती ही वाट चालणाऱ्याची गोष्ट आहे, निजून राहणाऱ्याची नव्हे. 

पण गंमत अशी की आपल्या भागात या शब्दाला लिंगही दोन आहेत. खाणीतला कामगार म्हणतो, “आज माझा रेस्ट आहे.” आणि त्याचीच बायको म्हणते, “डॉक्टरीणबाईंनी रेस्ट सांगितली आहे.” खाणीतला तो, दवाखान्यातली ती. आम्ही याचा विचार केला तेव्हा लक्षात आले की यात चूक काही नाही. हे खरोखरच दोन वेगळे रेस्ट आहेत. एक हक्काचा आहे, दुसरी औषधाची आहे. म्हणून दोन्हींची वेगवेगळी ओळख करून घेऊ.

खाणीतला रेस्ट म्हणजे आठवड्याच्या सुटीचा दिवस. घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, सास्ती, बल्लारपूर या बाजूच्या कोळसा खाणी शिफ्टमध्ये चालतात. त्यामुळे सर्वांना रविवारीच सुटी मिळेल असे नसते. ज्याचा जो दिवस, तो त्याचा रेस्ट. हा दिवस कुणा मालकाच्या दयेतून आलेला नाही. १९५२ च्या खाण कायद्याने कुणालाही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम करू देण्यास मनाई केली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग पाच तासांहून अधिक काम करवून घेता येणार नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिलीच पाहिजे, असेही सांगितले. हे कायदे आता नव्या कामगार संहितांत एकत्र करण्यात आले असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. तरी आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही, हे तत्त्व त्यातही आहे.

हा रेस्ट आला कुठून? आपल्या मुलांना हे ठाऊक असले पाहिजे. मुंबईच्या गिरणीत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन करून रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. सहा वर्षे त्यांनी ती सोडली नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज बँकेतला साहेबही रविवारी आरामात चहा पितो, तो गिरणी कामगारांच्या पुण्याईवर.

पुढचे काम बाबासाहेबांनी केले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर काम केलेल्या प्रौढ कारखाना कामगाराला दहा दिवसांची पगारी सुटी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आणि ज्या समाजात ते जन्मले, त्याची स्थिती काय होती? वतनी महाराला दिवस आणि रात्र असा भेदच नव्हता. हुकूम येईल त्या घटकेला उठायचे, सरकारी अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, आणि त्याला ठरलेला पगार नाही. या वतनाच्या बेडीविरुद्ध त्यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले. ज्याच्या बापजाद्यांना झोपेचाही हक्क नव्हता, त्याने देशातल्या कामगाराला सुटीचा हक्क दिला. संविधानाच्या ४३ व्या कलमात कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे यासाठी राज्याने झटावे असे म्हटले आहे, आणि त्याच कलमात फुरसतीचा पूर्ण उपभोगही सांगितला आहे. भाकरीच्या शेजारी फुरसत लिहिली आहे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आता राजुऱ्याच्या बंधूंच्या प्रश्नाकडे येऊ. रेस्टच्या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी कामगाराच्या गळ्यात पडतात, त्या नीट ओळखाव्यात.

पहिली, खरा साप्ताहिक रेस्ट. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर असता आणि तुमचे नाव हजेरीत असते. खाणीतल्या कायम कामगाराला या दिवशी ड्युटी पडली तर तिचा हिशोब दुप्पट होतो, तो यामुळेच.

दुसरी, लिव्ह म्हणजे रजा. ती तुम्ही मागता आणि ती मंजूर होते. ती पगारी की बिनपगारी, हे त्याच वेळी विचारावे.

तिसरी, ले-ऑफ. कोळसा नाही, वीज नाही, यंत्र बिघडले म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही. अशा वेळी ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सेवा झालेल्या पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

चौथी, ब्रेक. कामगाराचे वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने त्याची सेवा अखंड धरली जाते आणि काही हक्क उभे राहतात. ते उभे राहू नयेत म्हणून काही ठेकेदार दिवस भरत आले की माणसाला मध्येच घरी पाठवतात. याला कुणी ब्रेक म्हणतो, आणि कुणी गोड आवाजात रेस्ट म्हणतो. आमच्या बंधूंना मिळाला तो हा.

तेव्हा यापुढे कुणी “कल से रेस्ट” म्हटले तर आनंदाने घरी येण्याआधी तीन प्रश्न विचारा. परत कोणत्या तारखेला यायचे? या दिवसांचा पगार आहे की नाही? हे कागदावर लिहून मिळेल काय? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर तो रेस्ट. उत्तरे न देता नुसते हसू मिळाले तर लगेच युनियनकडे किंवा कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत जावे. हजेरीचे कार्ड, पगाराची पावती, गेटपासची झेरॉक्स घरात पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावी. आपल्या बंधूंकडे यातले काहीच नव्हते. आता त्यांचे सोबती साक्ष द्यायला तयार झाले आहेत, एवढीच आशा आहे.

आता दवाखान्यातली रेस्ट.

डॉक्टर चिठ्ठीवर औषधांची नावे लिहितात आणि शेवटी ‘रेस्ट’ असे लिहून पुढे दिवस टाकतात. आपण मेडिकलच्या दुकानात जातो, गोळ्या घेतो, बाटली घेतो. रेस्ट दुकानात मिळत नाही, म्हणून ती घेतच नाही! पाच औषधांतले एक औषध आपण रोज चिठ्ठीवरच ठेवून येतो.

आमच्या ओळखीच्या एका घरी सातवीतला मुलगा आहे. त्याचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळसर दिसायचे, खेळात लवकर दमायचा. शाळेत त्याला ‘आळशी’ हे नाव पडले. कवायतीला बसून राहिला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावले, आणि त्या रात्री पोर हाडांच्या वेदनेने तळमळले. रक्त तपासले तेव्हा सिकलसेल निघाला. आईने आम्हाला सांगितले, “भाऊ, मीबी त्याले आळशीच म्हणत होती.” हे सांगताना ती माउली रडत होती.

वाचकहो, सिकलसेल हा आपल्या दाराशी असलेला आजार आहे. विदर्भात गोंड, माडिया, परधान बांधवांत तो आहे आणि आपल्या बौद्ध समाजातही आहे. तो आईबापांकडून रक्तातून येतो. स्पर्शाने होत नाही आणि कुणाच्या करणीने तर मुळीच होत नाही. एकाच पालकाकडून दोष आला तर माणूस ‘वाहक’ असतो आणि बहुधा ठणठणीत असतो. दोघांकडूनही आला तर आजार होतो. अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अति श्रम, पाणी कमी पडणे, थंडी आणि ताप यांनी हा त्रास उफाळतो. म्हणून अशा मुलासाठी वेळेवर रेस्ट आणि भरपूर पाणी हा लाड नव्हे. औषधाच्या गोळीइतकेच ते महत्त्वाचे आहे. शिक्षकांना चिठ्ठी दाखवून तसे सांगावे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. विशेषतः लग्न ठरवताना पत्रिका पाहण्याची आपल्याला गरज नाही, पण दोघांचे रक्त पाहण्याची गरज आहे.

‘बेड रेस्ट’ आणि ‘रेस्ट’ यांतही फरक आहे. बेड रेस्ट म्हणजे अंथरुणावरच राहणे. नुसती रेस्ट म्हणजे जड काम, उन्हातली मजुरी, जागरण बंद, पण थोडे हिंडणे-फिरणे चालते. कोणती सांगितली, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

गरोदर बाईच्या रेस्टविषयी तर काय लिहावे! १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात देशाचे हित आहे, म्हणून त्याचा काही भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा विचार होता. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती-लाभ कायद्यातही त्यांनी दुरुस्ती मांडली. आज नोकरीतल्या पात्र स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण रोवणीला जाणारीला, तेंदूपाने तोडणारीला कोण रजा देणार? तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. हे पैसे बुडालेल्या मजुरीच्या बदल्यात आहेत, म्हणजे तिने घरी रेस्ट घ्यावी म्हणून आहेत. पैसे खात्यात जमा झाले आणि बाई मात्र नवव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन आली, असे घडत असेल तर ते पैसे कुणी खाल्ले, हे घरातल्या पुरुषांनी स्वतःला विचारावे.

गडचिरोलीच्या दूरच्या टोल्यांत पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद होतो. म्हणून काही आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आलेल्या बाईने चार दिवस आधीच तिथे येऊन राहावे, अशी ती सोय. माहेर म्हणजे बाईच्या विसाव्याची जागा, हे ज्याने हे नाव ठेवले त्याला नक्की कळत होते.

माहेरघरावरून दुसरे एक घर आठवले, ते म्हणजे ‘रेस्ट हाऊस’. आलापल्लीला, मोहर्लीला, आपल्या जंगलात ठिकठिकाणी वनखात्याची रेस्ट हाऊसे आहेत. कवेलूंचे छप्पर, रुंद व्हरांडा, समोर सागाची झाडे. आपल्यातल्या कित्येकांचे आजोबा तिथे गेले ते साहेबाचे सामान पोचवायला, नाहीतर पाणी भरायला. व्हरांड्यात बसायला गेले नाहीत. विसाव्याची जागा सर्वांना सारखी नव्हती. खुद्द बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर गेले, तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात पाठ टेकायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. गाडीच्या वेळेपर्यंत पाच तास ते बागेत बसून राहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणीत त्यांनी हे लिहिले आहे. म्हणूनच संविधानाच्या १५ व्या कलमात उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराया, मुसाफिरखाने नावानिशी आले. आज आपलीच मुले वनरक्षक, गाईड म्हणून त्या व्हरांड्यात बसतात. हा बदल लहान नाही.

आता एक नवा घोटाळा. आमच्या एका भाचीला पुण्याच्या मॉलमध्ये नोकरी लागली. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकबाईने विचारले, “रेस्ट रूम कुठे आहे?” पोरगी म्हणाली, “मॅडम, दमला असाल तर इथे खुर्चीवर बसा!” बाई हसली. अमेरिकन इंग्रजीत रेस्ट रूम म्हणजे संडास-बाथरूम. आपल्याकडे कारखान्यातली रेस्ट रूम म्हणजे कामगारांनी डबा खाऊन टेकायची खोली. १९४८ च्या कायद्याने दीडशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात ती सक्तीची केली होती. शब्द एकच, पण गेटच्या आत एक अर्थ आणि मॉलमध्ये दुसरा. आणि ‘रेस्टॉरंट’चा तर रेस्टशी काही संबंध नाही. ते फ्रेंच शब्दातून आले, त्याचा मूळ अर्थ अंगात पुन्हा ताकद आणणे. दिसायला भाऊ, पण नात्याचे नाहीत.

असाच एक दिसायला सारखा आणि खरोखर वेगळा शब्द आता नीट लक्षात ठेवा, कारण तो कागदावर येतो. इंग्रजीत दुसराही एक ‘रेस्ट’ आहे आणि त्याचा अर्थ ‘बाकी’, उरलेले. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. मूळ अर्थ, मागे राहणे. ‘द रेस्ट ऑफ द मनी’ म्हणजे उरलेले पैसे. ‘द रेस्ट विल बी पेड लेटर’ म्हणजे बाकी नंतर देऊ. अशा वेळी बाकी किती आणि नंतर म्हणजे कधी, हे लिहून घ्यावे. याच लॅटिन घराण्यातला ‘अरेस्ट’ आहे. त्याचा अर्थ थांबवून धरणे, अटक करणे. हृदय थांबले तरी डॉक्टर ‘कार्डियाक अरेस्ट’ म्हणतात. अटक झाल्यास कारण जाणण्याचा, वकील भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम तेवढे वेगळे आहेत.

तिसरा प्रयोग ‘रेस्ट्स विथ’. यानेही एका घराची दोन वर्षे खाल्ली. खाणीत शेत गेलेल्या एका कुटुंबाने मुलाच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. इंग्रजीत पत्र आले. घरातल्या दहावीच्या मुलीने चाचपडत वाचले, त्यात एक ओळ होती, ‘द डिसिजन रेस्ट्स विथ द मॅनेजमेंट’. तिने डिसिजनचा अर्थ सांगितला, रेस्टचा अर्थ सांगितला. बाप म्हणाला, “म्हणजे मामला आता झोपला.” पत्र पेटीत गेले. खरा अर्थ असा होता की निर्णय घेण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे आहे. आणि खालच्या ओळीत उरलेली कागदपत्रे आणून द्या, असे लिहिले होते. मामला झोपला नव्हता. तो यांच्या कागदांची वाट पाहत होता. दोन वर्षांनी ते पत्र आमच्या हाती आले, मग कागद दिले. प्रकरण पुन्हा चालू आहे. पोरीचा यात दोष नाही. तिला शाळेत रेस्टचा एकच अर्थ शिकवला होता. पत्र पूर्ण वाचावे, न कळल्यास दुसऱ्याला दाखवावे, पेटीत टाकू नये, हा धडा मात्र आपण सर्वांनी घ्यावा. ‘रेस्ट अशुअर्ड’ असे पत्रात असेल तर त्याचा अर्थ ‘निश्चिंत राहा’ असा होतो. मात्र तारखेशिवाय दिलेल्या भरवशावर निश्चिंत राहू नये, हे आमचे स्वतःचे व्याकरण आहे.

आणि हल्ली फोनवर कुणी गेल्याची बातमी आली की खाली ‘आर.आय.पी.’ची रांग लागते. ते ‘रेस्ट इन पीस’ म्हणजे शांतपणे विसावा घ्या, हे ख्रिस्ती रिवाजातले शब्द. वाईट नाहीत. पण आपल्याकडे आदरांजली आहे. तीन अक्षरे ठोकण्यापेक्षा त्या घरी जाऊन बसावे, तेवढा त्यांच्या जिवाला विसावा.

शेवटी घरातली गोष्ट. ताडोबाच्या जंगलात मंगळवारी पर्यटन बंद असते. पावसाळ्यात तर गाभ्याचे जंगल तीन महिने बंद ठेवतात. वाघाला आठवड्याची सुटी आहे, जंगलाला वार्षिक रजा आहे, खाणीतल्या नवऱ्याला रेस्ट आहे, शाळेतल्या पोरांना रविवार आहे. घरातल्या बाईचा रेस्ट कोणत्या वारी असतो?

मे महिन्यात तेंदूचा हंगाम असतो. बाई पहाटे अंधारात निघते. वाघाची भीती असते, तरी वाकून पाने तोडते. दुपारी घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देते. पुडे बांधायला ती बसते, तोच तिचा इसावा! नवऱ्याचा रेस्ट असला की घरात मटण शिजते, पाहुणे येतात, म्हणजे त्याच्या रेस्टच्या दिवशी तिचे काम दुप्पट होते आणि तिचा हिशोब दुप्पट होत नाही. लोखंड्यांनी सुटी मिळवली, बाबासाहेबांनी कायद्याने ती वाढवली. ती घराच्या उंबऱ्याच्या आत आणण्याचे काम कुठलाही कायदा करणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे. आठवड्यातून एक वेळ तरी भाकरी नवऱ्याने किंवा मुलांनी करावी. करपली तरी चालेल.

राजुऱ्याच्या बंधूंना आम्ही उत्तर दिले ते असे: भाऊ, रेस्ट म्हणजे आरामच. पण ज्या आरामानंतर आपली जागा शाबूत असते, त्यालाच रेस्ट म्हणायचे. जागाच गेली तर तो रेस्ट नव्हे, ती आपली बाकी आहे, आणि बाकी वसूल करायची असते.

या आठवड्याचा अभ्यास: मुलांनी ‘रेस्ट’चे पाच वेगळे अर्थ वापरून पाच वाक्ये लिहावीत आणि ती आईला वाचून दाखवावीत. वाचून होईपर्यंत आईने बसून राहावे, उठू नये.

जयभीम.